स्तनाची गोळी, पिशवीचा घोर

लेट्रोझोल नावाची अडीच मिलिग्रॅमची गोळी सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घरात एकाच वेळी दोघींसाठी येऊ शकते. सुनेला दिवस राहत नाहीत म्हणून पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस, आणि सासूचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय म्हणून रोज एक, निदान पाच वर्षं. मेडिकलवाल्याच्या लेखी पट्टी तीच. गोळीचं कामही तेच: शरीरात इस्ट्रोजेन तयार करणारं ॲरोमाटेज हे एन्झाइम अडवायचं. सुनेच्या मेंदूला इस्ट्रोजेन कमी पडल्याचं कळतं, तो अंडाशयाला तगादा लावतो आणि बीज पिकतं. सासूची पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, तिच्या अंडाशयाकडून उत्तर येण्याचा प्रश्न नाही. तिच्या चरबीत आणि स्नायूंत जे थोडंफार इस्ट्रोजेन बनत होतं, तेही आटतं. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी या गोळीच्या वापरावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये उठवली. कर्करोगासाठी ती मधल्या काळातही चालूच होती.

त्या सासूला काही महिन्यांत योनिमार्गाला कोरड पडते, लघवीला जळजळ होते, खाज सुटते. ती हे कोणाला सांगत नाही. सांगितलंच तर ‘उष्णता झालीय, सब्जा घ्या’ असं उत्तर मिळतं. गोळी छातीच्या गाठीसाठी आणि त्रास भलतीकडे, या दोहोंची सांगड घालणारं माणूस तिला सहसा भेटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक जणींच्या गाठीच्या तपासणीत ‘ईआर पॉझिटिव्ह’ असा शेरा असतो. म्हणजे ती गाठ इस्ट्रोजेनवर पोसलेली असते. हे नातं १८९६ पासून ठाऊक आहे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने पुढे गेलेल्या कर्करोगात अंडाशय काढले आणि गाठी विरघळल्याचं नोंदवलं. इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा जन्माला यायचा होता.

अंडाशय न काढता तेच काम करणारी पहिली मोठी गोळी टॅमॉक्सिफेन. ती सापडली मात्र दुसऱ्याच शोधात. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन यांनी ती बनवली, ती संततिनियमनाची गोळी शोधता शोधता. त्या कामाला ती नापास झाली, स्तनाच्या कर्करोगात मात्र पहिल्या वर्गात पास. अमेरिकेने १९७७ मध्ये तिला परवानगी दिली. तिच्याच गोत्रातली एक गोळी आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. ‘सहेली’ या नावाने ती १९९१ पासून बाजारात आहे आणि आता ‘छाया’ या नावाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत फुकट मिळते. माण-खटावपासून जतपर्यंतच्या आशाताईंना ही पाकिटं चांगली माहितीची आहेत. टॅमॉक्सिफेन म्हणजे याच घराण्यातली थोरली बहीण, हे मात्र त्यांच्या प्रशिक्षणात कोणी सांगत असेल असं वाटत नाही.

या घराण्याचं वैशिष्ट्य असं की त्यातल्या गोळ्या दोन ठिकाणी दोन तोंडांनी बोलतात. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला दाराबाहेर उभं करते. गर्भपिशवीत मात्र स्वतःच काही प्रमाणात इस्ट्रोजेनसारखी वागते. पाळी चालू असलेल्या बाईच्या पिशवीत मुळातच भरपूर इस्ट्रोजेन असतं, त्यामुळे तिथे या वागण्याचा फारसा फरक पडत नाही. पाळी गेलेल्या बाईची पिशवी कोरडी, शांत झालेली असते. तिथे ही हलकी हाकसुद्धा ऐकू जाते. अस्तर वाढतं, पॉलिप म्हणजे मांसल कोंब फुटतात, जुनी फायब्रॉइडची गाठ पुन्हा फुगू शकते, आणि काही जणींत अस्तराचा कर्करोग होतो.

किती जणींत? इथे आकडा नीट मांडला नाही की घबराट होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १३,३८८ स्त्रिया होत्या. त्यांतल्या पन्नाशीपुढच्या, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांत अस्तराच्या कर्करोगाचं प्रमाण चौपट दिसलं. ‘चौपट’ ऐकून कोणीही गोळी खाली ठेवेल. पण मुळात प्रमाण किती होतं? गोळी न घेणाऱ्यांत दर वर्षी हजारात एकीपेक्षाही कमी, घेणाऱ्यांत हजारात सुमारे तिघी. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने ईआर पॉझिटिव्ह स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. पाचाऐवजी दहा वर्षं गोळी दिली तर काय, हे तपासणाऱ्या ‘ॲटलस’ चाचणीत पिशवीच्या कर्करोगाचा धोका शंभरात दीडवरून तीनपर्यंत गेला. त्याने होणाऱ्या मृत्यूंतली वाढ हजारात दोनची होती. स्तनाच्या बाजूचा फायदा त्याहून बराच मोठा. मधुमेही, स्थूल किंवा आधीपासून पॉलिप असलेल्या बाईसाठी पारडं थोडं हलतं, म्हणून गोळी सुरू करण्याआधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासलेलं बरं.

खरा गोंधळ सुरू होतो तो सोनोग्राफीच्या टेबलावर.

पाळी गेलेल्या, कुठलंही हार्मोनचं औषध न घेणाऱ्या बाईच्या अंगावर लाल गेलं, तर अस्तराचा थर चार मिलिमीटरपर्यंत असणं दिलाशाचं मानतात. हा चारचा आकडा डॉक्टरांच्या इतका अंगवळणी पडला आहे की टॅमॉक्सिफेनवाल्या बाईलाही तोच लावला जातो. रिपोर्ट येतो: ‘थर अकरा मिलिमीटर, आत बारीक सिस्ट’. टॅमॉक्सिफेनमुळे अस्तराच्या खालच्या पेशीजालात पाण्याचे बारीक बारीक फुगे तयार होतात. सोनोग्राफीच्या यंत्राला अस्तर कुठे संपलं आणि हे फुगे कुठे सुरू झाले ते ओळखू येत नाही, ते सगळं मिळून मोजतं. दुर्बीण आत घालून पाहिलं तर पुष्कळदा वरचं अस्तर पातळ, सुकलेलं, निरुपद्रवी निघतं. जाडी यंत्राच्या आकड्यात असते, पिशवीत नसते.

म्हणूनच अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे की लक्षण नसलेल्या, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईची ठरावीक मुदतीने सोनोग्राफी करत बसू नये. त्यातून कर्करोग लवकर सापडतो असं दिसलेलं नाही. नको तेवढी क्युरेटिंग मात्र होतात. उलट रक्त, तपकिरी डाग किंवा रक्ताळलेलं पाणी अंगावर गेलं, मग ते कितीही थोडं असो, तर तपास करायचाच. अस्तराचा कर्करोग या बाबतीत बराच प्रामाणिक आजार आहे: पाळी गेलेल्या ज्या बायकांना तो होतो, त्यांतल्या सुमारे नव्वद टक्के जणींना रक्त जाण्याची खूण आधी दिसते. रक्त गेलेल्या बहुतेकींना कर्करोग नसतो, हेही तितकंच खरं. साधारण दहातल्या एकीला निघतो. तपास म्हणजे अस्तराचा तुकडा काढून तपासणं, आणि शक्य असेल तिथे दुर्बिणीतून पाहून काढणं. कारण कोंब असला तर आंधळ्या क्युरेटिंगमध्ये तो हुकतो.

आपल्याकडे बरोबर याच्या उलट घडतं. थर जाड म्हणून बाई हादरते, आणि डाग दिसला तर ‘गरम पडलं असेल’ म्हणून गप्प बसते.

थराच्या भीतीचं पुढचं पाऊल म्हणजे ‘पिशवीच काढून टाका, कटकट नको’. पश्चिम महाराष्ट्रात या वाक्याचं वजन काय आहे हे वेगळं सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. याच टोळ्या दिवाळीनंतर कृष्णा-वारणाकाठच्या फडांत कोयते घेऊन उतरतात. पांढरं जातं, कंबर दुखते अशा साध्या तक्रारींवर ‘पुढे कॅन्सर होईल’ असं भय घालून ऑपरेशन झाल्याचं अनेकींनी सांगितलं होतं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईच्या बाबतीत हे भय आणखी सहज घालता येतं, कारण तिला एक कॅन्सर झालेलाच असतो आणि हातात ‘थर जाड’ असा छापील कागद असतो. निव्वळ जाडीसाठी पिशवी काढायला शास्त्राचा आधार नाही. तुकड्याच्या तपासणीत अस्तराच्या पेशी बिघडू लागल्याचं, म्हणजे ‘ॲटिपिकल हायपरप्लेझिया’ असं निघालं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पिशवी काढण्याचा सल्ला योग्यच असतो.

या जुन्या ऑपरेशनांचा आणखी एक वळसा आहे, आणि तो परदेशी पुस्तकांत फारसा सापडत नाही. समजा, वयाच्या तिशीत पिशवी काढलेली बाई पंचेचाळिशीत छातीतली गाठ घेऊन येते. डॉक्टर विचारतात, ‘पाळी गेली का?’ ती म्हणते, ‘पंधरा वर्षं झाली.’ कागदावर ‘पाळी गेलेली’ अशी नोंद होते. पण तेव्हा फक्त पिशवी काढली होती की अंडाशयही, हे तिला माहीत नसतं. डिस्चार्ज कार्ड घर सारवताना किंवा फडावरून फडावर जाताना हरवलेलं असतं. अंडाशय शाबूत असतील तर ते अजून काम करत असू शकतात. भारतीय बायकांची पाळी सरासरी शेहेचाळिशीच्या आसपास जाते. अशा बाईला नुसती लेट्रोझोल दिली तर सुनेच्या बाबतीत जे होतं तेच होईल: अंडाशय चेकाळतील, इस्ट्रोजेन वाढेल आणि औषध फुकट जाईल. केमोने पाळी थांबलेल्या चाळिशीतल्या बायकांचंही असंच. थांबलेली पाळी औषध चालू असताना परत येऊ शकते. अशा वेळी रक्तातल्या हार्मोनची तपासणी करूनच गोळी ठरवावी लागते. यातली एक गंमत अशी की पिशवी नसलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनची सगळ्यात मोठी भीती उरतच नाही.

पाळी नक्की गेलेली असेल तर आता बहुतेक कर्करोगतज्ज्ञ लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोलच निवडतात. २०१५ मध्ये जगभरातल्या चाचण्या एकत्र करून जवळपास ३२ हजार स्त्रियांचा हिशेब मांडला गेला. दहा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू टॅमॉक्सिफेनपेक्षा या गोळ्यांनी सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी निघाले. पिशवीचा कर्करोग टॅमॉक्सिफेनवाल्यांत हजारात बारा जणींना, या गोळ्यांवर चौघींना. हाडं ठिसूळ होणं आणि सांधे धरणं ही या गोळ्यांची किंमत. त्यामुळे हाडं आधीच नाजूक असलेल्या किंवा गुडघेदुखीने बेजार झालेल्या बाईला पुन्हा टॅमॉक्सिफेनकडे वळवलं जातं. पिशवीचा प्रश्न म्हणून संपत नाही.

या नव्या गोळ्यांचा दुसरा हिशेब मात्र चारचौघांत मांडला जात नाही. ९,३६६ स्त्रियांच्या ‘अटॅक’ चाचणीत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी तेरा टक्क्यांना अंगावर पांढरं किंवा पाणी जाण्याचा त्रास झाला, अनास्ट्रोझोलवर साडेतीन टक्क्यांना. कोरडेपणाचं उलट: त्याच चाचणीतल्या एका गटाला खोलात जाऊन विचारल्यावर अनास्ट्रोझोलवाल्यांत अठरा टक्क्यांना तो जाणवला, टॅमॉक्सिफेनवर नऊ टक्क्यांना. संबंधाच्या वेळी दुखणंही दुपटीने जास्त. हे आकडे विचारल्यावर मिळालेले आहेत. विचारलंच नाही तर किती जणी आपणहून सांगतील? पन्नाशी-साठीच्या बाईने नवऱ्याशी संबंध ठेवावेत ही कल्पनाच आपल्या ओपीडीत अनेकदा गृहीत धरलेली नसते. सोबत मुलगा किंवा पुतण्या आलेला असतो, दार अर्धवट उघडं असतं. मग बाई सांध्यांचं सांगते, झोपेचं सांगते, आणि उठून जाते.

न बोललेल्या त्रासाचा परिणाम उपचारावरच होतो. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८,७६९ स्त्रियांच्या अभ्यासात साडेचार वर्षांअखेर निम्म्याच जणी गोळी सांगितल्याप्रमाणे घेत होत्या. कारणं अनेक असतात, पण अंगातून येणाऱ्या गरम वाफा, सांधे आणि हा कोरडेपणा त्यांत वरच्या जागी. पट्टी डब्यात तशीच राहते आणि डॉक्टरच्या फाइलवर ‘औषध चालू’ असतं.

उपाय आहेत, आणि पहिले दोन स्वस्त आहेत. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचं योनिमार्गाचं मॉइश्चरायझर. ही दोन वेगळी औषधं आहेत. पहिलं त्या वेळेपुरतं, दुसरं त्वचा ओली राखण्यासाठी. साबण, डेटॉल, ‘व्ही वॉश’ यांनी धुणं बंद केलं तरी निम्मी आग कमी होते. खोबरेल तेल पुष्कळ जणी वापरतात; निरोधबरोबर ते चालत नाही एवढं लक्षात ठेवावं. यानेही भागलं नाही तर इस्ट्रोजेनच्या क्रीमचा प्रश्न येतो, आणि इथे तज्ज्ञांतही एकमत नाही. डेन्मार्कमधल्या ८,४६१ स्त्रियांच्या २०२२ च्या अभ्यासात योनिमार्गात इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांत एकूण पाहता रोग उलटल्याचं प्रमाण वाढलं नाही. ज्या ॲरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्या घेत होत्या त्यांच्यात मात्र वाढलं, मृत्यू वाढले नाहीत. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ४९ हजार रुग्णांच्या नोंदींतही मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. तात्पर्य, टॅमॉक्सिफेनवाल्या बाईला ही क्रीम कर्करोगतज्ज्ञाला विचारून, थोड्या मात्रेत देता येते. लेट्रोझोलवाल्या बाईत हात आखडता घ्यावा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून लावायची ही वस्तू नव्हे. लेझरने ‘कायाकल्प’ करून देण्याच्या जाहिराती आता मोठ्या शहरांच्या बाहेरही दिसू लागल्यात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिला आणि २०२१ मधल्या चाचणीत खोटा लेझर आणि खरा लेझर यांत फरक दिसला नाही. पैसे हाडांच्या तपासणीवर खर्च करावेत.

गरम वाफांसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतही एक खोच आहे. पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन ही मनाच्या विकारांवरची औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरातलं कामच अडवतात, कारण टॅमॉक्सिफेनला सक्रिय रूप देणारं यकृतातलं एन्झाइम ती बंद पाडतात. व्हेनलाफॅक्सिनबाबत ही अडचण फारशी नाही. शतावरी कल्प, सोयाच्या पावडरी, ‘महिलांचं टॉनिक’ यांत इस्ट्रोजेनसारखे वनस्पतिजन्य घटक असू शकतात. बाई त्यांना औषध मानत नाही, म्हणून डॉक्टरने ‘आणखी काय घेता?’ असं विचारल्यावरही सांगत नाही. दुधात घालून घेत असाल तरी सांगा.

रुग्णालयांची इथे टंचाई नाही. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उघडला, तेव्हापासून अथणी-विजापूरपासून जत-आटपाडीपर्यंतचे रुग्ण मिरज जंक्शनला उतरतात. मिरजेत कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालयं आहेत, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. तरीही पुष्कळ जणी पहिला सल्ला घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात जातात. ऑपरेशन एकीकडे, केमो दुसरीकडे, गोळीची पट्टी गावच्या मेडिकलमधून, आणि अंगावर गेलं की तालुक्याचे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्यासमोर फाइल नसते. ‘बीपीची एक, थायरॉइडची एक आणि ती छातीची एक’ एवढंच बाई सांगते. पाच वर्षांच्या लांबलचक काळात कर्करोगाचा डॉक्टर छाती पाहतो, स्त्रीरोगतज्ज्ञ पिशवी पाहतो, आणि पट्टीवरचं नाव वाचणं दोघांच्या मधे राहून जातं.

यावर उपाय म्हणून नवी योजना, नवं ॲप सुचवण्याचा मोह होईल. पण एक साधन आधीच घराघरांत पोचलेलं आहे. तिशीपुढच्या प्रत्येक बाईसाठी आशाताई भरतात त्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी-यादीत छातीत गाठ आहे का, पाळी गेल्यानंतर रक्त जातं का, दुर्गंधीयुक्त पाणी जातं का, हे प्रश्न छापलेले आहेत. ते बहुधा एकदाच विचारले जातात. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी एवढंच करावं: आशाताईंच्या वहीत टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल घेणाऱ्या बायकांची वेगळी खूण करावी, आणि बीपी-शुगरच्या फेरीत दर तीन महिन्यांनी त्यांना हा रक्ताचा प्रश्न पुन्हा विचारायला लावावा, घरातले पुरुष बाहेर असताना. आणि ज्या वाचकांच्या घरात यांतली एखादी गोळी चालू आहे, त्यांनी पट्टीचा फोटो आणि पिशवीच्या जुन्या ऑपरेशनचं कार्ड एकाच फाइलमध्ये लावून ती फाइल पुढच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना सोबत न्यावी.